हॉस्ट्स फाइलीत नोंद करूनही प्रोग्राम पुन्हा पुन्हा इंटरनेटला जोडला जातो, तेव्हा काय तपासावे

संगणकावरचा एखादा प्रोग्राम सुरू होताच आपल्या सर्व्हरशी बोलू लागतो. जाहिराती आणतो, वापराची माहिती पाठवतो किंवा न विचारता नवी आवृत्ती उतरवून घेतो. ते थांबवण्यासाठी हॉस्ट्स फाइलीत, म्हणजे कोणत्या नावाचा कोणता पत्ता हे संगणकाला सांगणाऱ्या साध्या मजकूर फाइलीत, त्या सर्व्हरचे नाव लिहून त्याच्या आधी बिनकामाचा पत्ता दिला जातो. एक-दोन दिवस शांततेत जातात आणि मग तोच प्रोग्राम पूर्वीसारखा जोडला जाऊ लागतो. मग पुन्हा ओळ लिहायची, पुन्हा काही दिवस थांबायचे आणि पुन्हा तेच. या फेऱ्यात सापडलेल्यांचा शोध बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो, कारण "नोंद चालत नाही" या एकाच तक्रारीखाली दोन अगदी वेगळे बिघाड असतात. एकात लिहिलेली ओळ फाइलीतून नाहीशी झालेली असते. दुसऱ्यात ओळ जागच्या जागी असते, पण तिला कोणी विचारतच नाही. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून तक्रार पुन्हा उद्भवली की काहीही दुरुस्त करण्यापूर्वी फाइल नुसती उघडून पाहावी आणि ओळ आहे की गेली, एवढेच ठरवावे.

विंडोजमध्ये ही फाइल सी ड्राइव्हवरील विंडोज, त्यातील सिस्टम३२, त्यातील ड्रायव्हर्स आणि त्यातील ईटीसी या फोल्डरमध्ये असते. लिनक्समध्ये ती मूळ निर्देशिकेतील ईटीसीमध्ये असते आणि मॅकओएसमध्येही तिथेच दिसते, फक्त तिथला ईटीसी हा प्रत्यक्षात प्रायव्हेट या फोल्डरमधील ईटीसीकडे नेणारा दुवा आहे. फाइलीचे नाव नुसते हॉस्ट्स असते. त्यापुढे टिंब किंवा विस्तार काहीही नसतो. प्रत्येक ओळीत आधी आयपी पत्ता (जाळ्यावरील यंत्राचा अंकी पत्ता), मग किमान एक मोकळी जागा आणि मग नाव असते, उदाहरणार्थ ०.०.०.० आणि त्यापुढे अपडेट.एक्झाम्पल.कॉम. (एक्झाम्पल डॉट कॉम हे डोमेन उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे, म्हणून इथे तेच वापरले आहे.) या लेखात अंक आणि नावे देवनागरीत छापली असली, तरी फाइलीत दोन्ही रोमन लिपीतच लिहावी लागतात. देवनागरी अंकांनी लिहिलेला पत्ता संगणकाला पत्ता म्हणून कळत नाही.

या फाइलीकडून आपण नेमके कोणते काम करून घेत आहोत, हे समजण्यासाठी तिचा इतिहास उपयोगी पडतो. आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्याच्या, काळात त्या जाळ्यातील सर्व यंत्रांची नावे आणि पत्ते एकाच मजकूर फाइलीत असत. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहिती केंद्र सांभाळत असे आणि इतरांनी तिची प्रत उतरवून घ्यायची अशी पद्धत होती. जाळे वाढले तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांच्या व्यवस्थेची, रचना मांडली. हॉस्ट्स फाइल तरीही प्रत्येक प्रणालीत टिकून राहिली आणि डीएनएसला विचारण्यापूर्वी तिच्यात पाहण्याची प्रथाही टिकली. तेव्हापासून आजपर्यंत तिचे काम नावाला पत्ता सांगणे एवढेच आहे. दार अडवणे हे तिचे काम कधीच नव्हते. आपण तिच्यात खोटा पत्ता लिहितो आणि प्रोग्राम तिला विचारेल अशी आशा धरतो. ज्या प्रोग्रामने विचारले नाही, त्याच्यापुढे ही ओळ निरुपयोगी आहे, मग ती कितीही अचूक लिहिलेली असो.

ओळ आहे, पण परिणाम नाही

पहिली चाचणी पिंग या आज्ञेने करावी (कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग आणि त्यापुढे सर्व्हरचे नाव), एनएसलुकअपने नव्हे. हा मुद्दा मी जरा ठासून सांगतो, कारण कित्येक तास इथेच वाया जाताना मी पाहिले आहेत. एनएसलुकअप ही आज्ञा प्रणालीच्या नेहमीच्या मार्गाने जात नाही. ती थेट डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारते आणि हॉस्ट्स फाइल तिच्या वाटेत येतच नाही. त्यामुळे नोंद अगदी बरोबर असली तरी एनएसलुकअप खरा पत्ताच दाखवते आणि माणूस निष्कारण फाइलीची उलथापालथ करत बसतो. पिंग मात्र इतर सामान्य प्रोग्रामप्रमाणेच प्रणालीला नाव विचारते. पॉवरशेल वापरणाऱ्यांना रिझॉल्व्ह-डीएनएसनेम ही आज्ञाही चालेल, कारण ती हॉस्ट्स फाइल पाहते. लिनक्समध्ये गेटेंट या आज्ञेला हॉस्ट्स हा शब्द आणि नाव द्यावे. डिग ही आज्ञाही थेट डीएनएस सर्व्हरला विचारते, म्हणून तिच्या उत्तरावर या कामासाठी विसंबू नये.

चाचणीपुरता ओळीतील पत्ता ०.०.०.० ऐवजी १२७.०.०.१ असा बदलून घ्यावा. कारण साधे आहे. विंडोजमध्ये ०.०.०.० असताना पिंग अपयशी ठरते आणि ते अपयश नोंदीमुळे आले की इंटरनेट बंद असल्यामुळे, हे संदेशावरून ओळखता येतेच असे नाही. १२७.०.०.१ असेल तर पिंगच्या पहिल्याच ओळीत चौकटी कंसात तो पत्ता छापला जातो आणि स्वतःच्याच यंत्राकडून उत्तर येते. चाचणी दोनदा करावी: एकदा साधी आणि एकदा उणे चार हा पर्याय देऊन, म्हणजे फक्त आयपीव्ही४ (चार अंकांचे जुन्या पद्धतीचे पत्ते) वापरण्याची सक्ती करून. सक्तीच्या चाचणीत १२७.०.०.१ दिसतो, पण साध्या चाचणीत अपूर्णविरामांनी जोडलेला लांबलचक पत्ता दिसतो, असे झाले तर आयपीव्ही६ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांची, वाट उघडी राहिली आहे. त्या नावासाठी दुसरी ओळ लिहावी आणि तिच्यात पत्त्याच्या जागी दोन अपूर्णविराम व त्यांना जोडून १ लिहावा. खरे तर प्रत्येक नावाला सुरुवातीपासूनच अशा दोन ओळी दिलेल्या बऱ्या.

दोन्ही चाचण्यांत सर्व्हरचा खरा पत्ता दिसला, तर दोष फाइलीत किंवा ओळीत आहे. इथे नेहमी सापडणारे अपराधी मी ज्या क्रमाने पाहतो, त्याच क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी नाव. नोटपॅडने फाइल हॉस्ट्स डॉट टीएक्सटी या नावाने जतन केलेली असते आणि विंडोज ओळखीचे विस्तार लपवत असल्यामुळे फोल्डरमध्ये "हॉस्ट्स" नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात. फाइल एक्सप्लोररमध्ये विस्तार दाखवण्याचा पर्याय सुरू केला की भानगड डोळ्यांना दिसते. त्यानंतर परवानगी. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेले नसेल, तर जतन करताना नकार मिळतो. हा झाला सरळ प्रकार. वाकडा प्रकार जुन्या ३२-बिट संपादकांचा आहे. अशा संपादकाला विंडोज नकार देत नाही, तर गुपचूप वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटामधील लोकल फोल्डरमध्ये व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या जागी वेगळी प्रत करून देते. संपादकात फाइल पुन्हा उघडली की तीच प्रत समोर येते, ओळ दिसते, सगळे ठीक वाटते. खऱ्या फाइलीला मात्र हातही लागलेला नसतो. संशय आल्यास कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप या आज्ञेने खरी फाइल पडद्यावर छापून पाहावी.

मग मजकुराची साठवण. फाइल साध्या एएनएसआय किंवा बीओएम (फाइलीच्या सुरुवातीचे अदृश्य खूणचिन्ह) नसलेल्या यूटीएफ-८ स्वरूपात असावी. यूटीएफ-१६मध्ये जतन झालेली फाइल प्रणालीला वाचता येत नाही, आणि सुरुवातीला बीओएम चिकटले असेल तर पहिल्या ओळीचा घोटाळा होतो. विंडोज १०च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून बीओएमविना यूटीएफ-८ वापरते, त्यामुळे हा दोष आता कमी आढळतो. त्याऐवजी एक नवा दोष वाढला आहे: एखाद्या पानावरून ओळ उचलून चिकटवली की पत्ता आणि नाव यांच्यामध्ये साध्या जागेऐवजी न तुटणारी जागा येते किंवा नावाच्या पोटात शून्य रुंदीचे चिन्ह लपून राहते. डोळ्यांना ओळ निर्दोष दिसते. अशा वेळी निरखून पाहण्यात अर्थ नाही; ती ओळ पुसून कळफलकावरून स्वतः टाइप करावी.

ओळीच्या व्याकरणातही थोडे नियम आहेत. नावाआधी एचटीटीपीएस आणि तिरप्या रेघा लिहू नयेत, नावानंतर पोर्टचा क्रमांक किंवा पानाचा मार्ग लिहू नये. ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह असेल तर ती ओळ टिप्पणी ठरते. विंडोजच्या मूळ फाइलीतील नमुन्याची ओळ बदलून वापरणारे हे चिन्ह काढायला विसरतात. विंडोजमध्ये एका पत्त्यापुढे नऊपेक्षा जास्त नावे लिहिली तर पुढची नावे धरली जात नाहीत. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तारांकन चालत नाही. एक्झाम्पल.कॉम लिहिल्याने अपडेट.एक्झाम्पल.कॉम अडत नाही आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेले नावही अडत नाही. प्रत्येक नाव स्वतंत्रपणे लिहावे लागते.

क्वचित असेही आढळते की फाइल आणि ओळ दोन्ही निर्दोष आहेत, पण प्रणाली भलतीकडेच पाहत आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे प्रणालीच्या सेटिंग्जच्या साठ्यात, टीसीपीआयपी सेवेच्या पॅरामीटर्समध्ये डेटाबेसपाथ नावाची नोंद असते आणि हॉस्ट्स फाइल कोणत्या फोल्डरमध्ये शोधायची ते तिथे ठरते. ती बदललेली आढळली तर आधी संपूर्ण यंत्राची व्हायरस तपासणी करावी, कारण असा बदल सहसा सज्जन प्रोग्राम करत नाहीत. लिनक्समध्ये याच जागी एनएसस्विच नावाची संरचना फाइल पाहावी. तिच्यातील हॉस्ट्सच्या ओळीत "फाइल्स" हा शब्द "डीएनएस"च्या आधी असायला हवा.

पिंग बरोबर पत्ता दाखवते, तरीही प्रोग्राम जोडला जातो

म्हणजे फाइल आपले काम करते आहे आणि दोष प्रोग्राम व फाइल यांच्या मधल्या रस्त्यात आहे. आधी प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. खिडकी मिटवणे पुरेसे नाही, टास्क मॅनेजरमध्ये त्याची प्रक्रिया संपलेली दिसली पाहिजे. हॉस्ट्स फाइल पाहिली जाते ती नाव विचारण्याच्या क्षणी. आधीच जोडली गेलेली जोडणी नव्या ओळीमुळे तुटत नाही आणि अनेक प्रोग्राम एकदा मिळालेला पत्ता स्वतःच्या स्मरणात ठेवून तोच वापरत राहतात. विंडोजची डीएनएस कॅश, म्हणजे नुकत्याच मिळालेल्या पत्त्यांचा तात्पुरता साठा, आयपीकॉन्फिग आज्ञेला फ्लशडीएनएस हा पर्याय देऊन रिकामी करता येते. विंडोज फाइलीतील बदलाची दखल सहसा लगेच घेते, तरी तपासणी करताना मनात शंका राहू नये म्हणून कॅश रिकामी केलेली बरी.

यानंतरचा प्रश्न हा की आपण योग्य नाव अडवले आहे का. पुष्कळ जण कुठल्यातरी यादीतून नावे उचलतात. ती यादी जुनी असते आणि प्रोग्राम मधल्या काळात दुसऱ्या नावांकडे वळलेला असतो. नाव स्वतः शोधावे. आयपीकॉन्फिगला डिस्प्लेडीएनएस हा पर्याय दिला की अलीकडे विचारली गेलेली नावे दिसतात. कॅश रिकामी करून, इतर सर्व बंद ठेवून फक्त तो प्रोग्राम सुरू केला आणि लगेच ही यादी पाहिली तर चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. अधिक खोलात जायचे असेल तर वायरशार्क या जाळ्यावरील देवाणघेवाण दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये डीएनएस एवढाच गाळणीचा शब्द देऊन पाहावे. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. प्रोग्राम एक नाव विचारतो आणि डीएनएसचे उत्तर "हे नाव म्हणजे त्या दुसऱ्या नावाचे टोपणनाव आहे" असे सीनेम रूपात येते. ते दुसरे नाव बहुधा एखाद्या मोठ्या वितरण जाळ्यातील असते. फाइलीत लिहायचे ते प्रोग्रामने विचारलेले पहिले नाव. साखळीतील पुढचे नाव लिहून काहीही होत नाही, कारण ते आपल्या यंत्राने कधी विचारलेलेच नसते. ती साखळी बाहेरच्या बाहेर डीएनएस सर्व्हरने उलगडलेली असते.

नावही बरोबर असेल तर प्रॉक्सीकडे, म्हणजे आपल्या वतीने जोडणी करणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, वळावे. प्रणालीत किंवा प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये एचटीटीपी प्रॉक्सी दिलेला असेल, तर प्रोग्राम नावाचा पत्ता स्वतः शोधत नाही. तो नाव जसेच्या तसे प्रॉक्सीच्या हाती देतो आणि पत्ता प्रॉक्सी शोधतो. आपल्या फाइलीला त्यात स्थान नाही. तसाच प्रकार प्रणालीला वगळून स्वतःच एचटीटीपीएसवरून (वेबपानांच्या कूटबद्ध मार्गाने) डीएनएस विचारणाऱ्या प्रोग्रामचा. फायरफॉक्स ही पद्धत वापरताना त्याच्या मूळ सेटिंगनुसार हॉस्ट्स फाइलीतील नावे वगळतो, म्हणजे आपल्या ओळीचा मान राखतो, परंतु प्रत्येक प्रोग्रामने असा मान राखावा असे कोणतेही बंधन नाही. विंडोजची स्वतःची प्रणालीही मायक्रोसॉफ्टच्या काही नावांच्या बाबतीत ही फाइल बाजूला ठेवते. आणि ज्या प्रोग्राममध्ये सर्व्हरचा आयपी पत्ताच लिहून ठेवला आहे, त्याला कोणतेही नाव विचारण्याची गरज भासत नाही. या चारही बाबतीत फाइलीशी झगडणे सोडून फायरवॉलकडे, म्हणजे जोडण्या अडवणाऱ्या सोयीकडे, जावे. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

पत्ता कोणता द्यावा, यावर पुष्कळ वाद घातला जातो, पण व्यवहारात फरक थोडाच आहे. १२७.०.०.१ दिल्यास विनंती आपल्याच यंत्राकडे येते. तिथे एखादा वेब सर्व्हर चालू असेल तर तो उत्तर देतो आणि प्रोग्राम प्रमाणपत्राच्या चुकीची तक्रार करत बसतो. विंडोजमध्ये ०.०.०.० दिल्यास जोडणी ताबडतोब फसते, म्हणून तिथे मी तोच देतो. लिनक्समध्ये मात्र ०.०.०.०कडे केलेली जोडणीही स्वतःच्याच यंत्राकडे जाते, तेव्हा तिथे दोहोंत विशेष डावे-उजवे नाही.

ओळ नाहीशी होते

"पुन्हा पुन्हा" ही तक्रार खऱ्या अर्थाने इथली आहे आणि बहुतेकांचा पहिला उपाय इथे निरर्थक ठरतो. तो उपाय म्हणजे फाइलीला फक्त वाचनाचा गुणधर्म लावणे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेला कोणताही प्रोग्राम तो गुणधर्म काढतो, फाइल लिहितो आणि हवे तर परत लावूनही ठेवतो. फाइल कोण बदलते हे कळेपर्यंत बाकी सर्व उपाय अंधारात केलेले असतात.

विंडोजवर पहिला संशय डिफेंडर या तिच्या अंगभूत अँटिव्हायरसवर घ्यावा. २०२०च्या मध्यापासून, मायक्रोसॉफ्टच्या माहिती गोळा करणाऱ्या सर्व्हरांची नावे हॉस्ट्स फाइलीत दिसली की डिफेंडर त्यास हॉस्ट्सफाइलहायजॅक या नावाचा धोका ठरवतो. आणि धोका दूर करण्यास संमती दिली की केवळ त्या ओळी न काढता संपूर्ण फाइल मूळ स्थितीत आणतो. त्यामुळे इतर प्रोग्रामांसाठी लिहिलेल्या, ज्यांच्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता अशा ओळीही जातात. विंडोज सिक्युरिटीमधील संरक्षणाच्या इतिहासात याची नोंद सापडते. तिथे त्या धोक्याला कायमची परवानगी देता येते, पण मी ती देत नाही, कारण पुढे एखाद्या खऱ्या घातक प्रोग्रामने बँकेचे नाव दुसऱ्या पत्त्याला जोडले तरी तो इशारा मग येणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या नावांच्या ओळी काढून टाकाव्यात, निदानविषयक माहितीचे पर्याय सेटिंग्जमधून कमी करावेत आणि बाकीच्या ओळी ठेवाव्यात, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

काही साधने फाइलीत स्वतःचा भाग लिहितात आणि तेवढ्यावरच थांबतात. डॉकर डेस्कटॉप असे करते आणि आपला भाग टिप्पण्यांच्या कुंपणात ठेवते. आपली ओळ त्या कुंपणाच्या बाहेर लिहावी. विंडोजच्या लिनक्स उपप्रणालीतील, म्हणजे डब्ल्यूएसएलमधील, हॉस्ट्स फाइल विंडोजच्या फाइलीवरून आपोआप तयार होते आणि त्यात केलेले बदल टिकत नाहीत. फाइलीच्या सुरुवातीच्या टिप्पणीत तसे स्पष्ट लिहिलेले असते, पण टिप्पणी वाचतो कोण. ते थांबवण्यासाठी डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ या फाइलीतील नेटवर्क विभागात जनरेटहॉस्ट्स हा पर्याय फॉल्स करावा. भाड्याच्या आभासी सर्व्हरवर क्लाउड-इनिट (यंत्र सुरू होताना त्याची मांडणी करणारा प्रोग्राम) असेल आणि त्यात हॉस्ट्स फाइल सांभाळण्याचा पर्याय सुरू असेल, तर दर वेळी यंत्र सुरू होताना फाइल एका साच्यावरून नव्याने लिहिली जाते. तिथे ओळ साच्यातच घालावी किंवा तो पर्याय बंद करावा.

संशयिताचे नाव ठाऊक नसेल तेव्हा पाळत ठेवावी लागते. माझ्या यंत्रावर कागदपत्रे स्कॅन करण्याचा एक प्रोग्राम होता, जो उघडला की दर वेळी जाहिरातीची पट्टी आणत असे. मी त्याच्या सर्व्हरचे नाव फाइलीत लिहिले. दिवसभर पट्टी दिसत नसे आणि दुसऱ्या दिवशी ती परत हजर असे. डिफेंडरच्या इतिहासात काहीच नव्हते. त्या स्कॅनच्या प्रोग्रामवरच माझा पक्का संशय होता आणि तो काढून टाकण्याच्या बेतात मी होतो. अखेर कोणता प्रोग्राम कोणती फाइल हाताळतो ते टिपणारा प्रोसेस मॉनिटर लावला. त्यात मार्गाचा शेवट हॉस्ट्सने होतो आणि क्रिया राइटफाइल आहे, अशा दोन अटी गाळणीत दिल्या आणि गाळलेल्या घटना टाकून देण्याचा पर्याय सुरू केला, नाहीतर दिवसभरात नोंदींनी स्मृती भरून गेली असती. सकाळी ९ वाजून ४२ मिनिटांनी माझ्याच नोटपॅडची नोंद उमटली. त्यानंतर दिवसभर काही नाही. संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी दुसरी नोंद आली आणि ती कामासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हीपीएनच्या प्रोग्रामची होती. तो जोडणी करताना हॉस्ट्स फाइलीची प्रत काढून ठेवत असे, आपल्या काही ओळी घालत असे आणि जोडणी तोडताना ती जुनी प्रत परत जागेवर ठेवत असे. मी रोज व्हीपीएन जोडल्यानंतर ओळ लिहीत होतो, म्हणून ती त्या प्रतीत कधीच नव्हती. उपाय एका मिनिटाचा निघाला: व्हीपीएन तोडलेले असताना ओळ लिहिली. पुढच्या प्रतीत ती आपोआप आली आणि त्यानंतर टिकली. स्कॅनचा प्रोग्राम या बाबतीत निर्दोष होता.

प्रोसेस मॉनिटर दिवसेंदिवस चालू ठेवणे जड वाटत असेल, तर फाइलीच्या प्रगत सुरक्षा सेटिंग्जमध्ये ऑडिटिंगची नोंद करावी आणि स्थानिक सुरक्षा धोरणात फाइल प्रणालीचे ऑडिट सुरू करावे. मग इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी विभागात ४६६३ क्रमांकाच्या घटनेत फाइल हाताळणाऱ्या प्रक्रियेचे नाव मिळते. लिनक्समध्ये ऑडिटसीटीएलने त्या फाइलीवर लिहिण्याची पाळत लावून ऑसर्चने निकाल पाहावा.

एक इशारा मध्येच देऊन ठेवतो. प्रोग्रामची सुरक्षाविषयक सुधारणा ज्या सर्व्हरवरून येते, त्याचे नाव अडवल्यास तो प्रोग्राम जुनाच राहतो आणि त्यातील उघडकीस आलेली भोकेही तशीच राहतात; असा प्रोग्राम बाहेरून आलेल्या फाइली उघडत असेल तर जोखीम खरी आहे. परवान्याची पडताळणी चुकवण्यासाठी ही युक्ती वापरणाऱ्यांचे प्रश्न या लेखाच्या कक्षेत येत नाहीत.

फायरवॉलचा नियम

ज्या प्रोग्रामला नावाचीच गरज नाही, त्याच्यासाठी अडवणूक नावावर न करता प्रोग्रामवर करावी लागते. विंडोजची फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी जाऊ देते, पण तिच्या प्रगत खिडकीत बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी नवा नियम करता येतो: प्रकार "प्रोग्राम" निवडावा, ईएक्सई फाइलीचा पूर्ण मार्ग द्यावा, कृती "अडवा" ठेवावी आणि तिन्ही प्रोफाइलना लागू करावे. परवानगी देणारा दुसरा नियम आधीपासून असला तरी सामान्यतः अडवणारा नियम वरचढ ठरतो. मॅकओएसमधील अंगभूत फायरवॉल फक्त आत येणाऱ्या जोडण्या पाहते, म्हणून तिथे लुलू किंवा लिटल स्निचसारखे वेगळे साधन घ्यावे लागते; लिनक्समध्ये ओपनस्निच हे काम करते.

नियम करूनही तक्रार राहिली तर दोन जागा पाहाव्यात. पहिली म्हणजे मदतनीस प्रोग्राम. नवी आवृत्ती शोधण्याचे काम बहुधा मुख्य ईएक्सई करत नाही. शेजारच्या फोल्डरमधील वेगळी ईएक्सई ते करते आणि ती एखाद्या सेवेच्या रूपात किंवा टास्क शेड्यूलरमधून चालते, म्हणून तिच्यासाठी वेगळा नियम लागतो. दुसरी म्हणजे मार्ग. काही प्रोग्राम आवृत्तीचा क्रमांक फोल्डरच्या नावात ठेवतात. नवी आवृत्ती आली की ईएक्सई नव्या फोल्डरमध्ये जाते आणि नियम जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या फाइलीवर पहारा देत राहतो.

नियम लागल्यानंतरही वायरशार्कमध्ये त्या सर्व्हरचे नाव विचारले गेल्याचे दिसत राहते आणि त्यावरून नियम निकामी आहे असा समज होतो. विंडोजमध्ये नाव विचारण्याचे काम प्रोग्रामच्या वतीने डीएनएस क्लायंट ही सेवा करते आणि ती एसव्हीसीहोस्ट या विंडोजच्या वेगळ्या प्रक्रियेत चालते. आपला नियम त्या प्रक्रियेवर नसतो, त्यामुळे प्रश्न विचारला जातो आणि उत्तरही येते. पाहायचे ते पुढे जोडणी होते का. रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क विभागात टीसीपी जोडण्यांच्या यादीत त्या ईएक्सईचे नाव दिसले नाही, म्हणजे नियम लागू आहे.